रकाना सतरा

रविवार, १४ सप्टेंबर २०२५
राजारामपुरी, कोल्हापूर

प्राचार्य डॉ. वृषभ आलासे,
समयज्योती जैनदर्शन महाविद्यालय

जय जिनेंद्र.

आपल्या कार्यालयाचं पत्र शुक्रवारी पोचलं. सहा वर्षांनी आपली सही या घरात आली, तीही रबरी शिक्क्याची. कुमारी रुचिता अमरसिंह हेरवाडे, द्वितीय वर्ष, हिला क्षेत्रकार्यात शंभरपैकी अडतीसच गुण का, याचा खुलासा मागितला आहे. खुलासा करतो. हे पत्र फाईलला लागणार आणि आपल्याकडचा लिपिक दरवर्षी बदलतो, म्हणून पहिल्यापासून लिहितो. आपल्याला माहीत असलेलं आपण सोडून वाचावं.

दशलक्षण पर्वात आपलं महाविद्यालय दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एकेका मंदिरात धाडतं. दहा दिवस, दहा धर्म, रोज सकाळी नऊला एक प्रवचन. तिथला मार्गदर्शक विद्यार्थ्याच्या राहण्या-जेवणाची सोय बघतो आणि शेवटी गुणांचा तक्ता भरून पाठवतो. आमच्या मंदिरात अकरा वर्षं मार्गदर्शक मी आहे. बाहुबली मगदूम, शिक्षण नववी, धंदा शिरोली एमआयडीसीत पॅटर्न-शॉप. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो, तो आम्ही करतो. शास्त्र मला कुणी शिकवलं नाही. कामावर जायच्या आधी कोश मांडीवर घेऊन स्वतः वाचलं. तक्ताही मीच बसवला. पंचवीस रकाने, प्रत्येकाला चार गुण. तो आज आपल्या सगळ्या केंद्रांवर चालतो. चाळीसला पास ही रेषसुद्धा माझी. तेव्हा ‘विद्यार्थिनी दोन गुणांनी अनुत्तीर्ण होत आहे’ हे मला कळवायचं कारण नव्हतं. वजाबाकी येते.

आता मुलीविषयी. उच्चार स्वच्छ, गाथा तोंडपाठ, घड्याळ लावावं अशी वेळेची. तिथं पूर्ण गुण दिलेत, तक्ता बघावा. पण मी प्रत्येक विद्यार्थ्याला माझी प्रवचनांची वही देतो. दहा प्रवचनं, प्रत्येकी चाळीस मिनिटं, ग्रंथाचा पान नंबर समासात. नुसती वाचली तरी पोरगा सत्तरच्या खाली येत नाही. हिनं ती दोन दिवस वाचली. तिसऱ्या दिवशी आर्जव धर्म, म्हणजे मनाचा सरळपणा. हिनं वही मिटून चौरंगावर ठेवली आणि समोरच्या बायकांना विचारलं, "आज सकाळपासनं कोण कोण खोटं बोललंय?"

मग भिंतीला टेकून बसणाऱ्या धोंडुबाई, वय अठ्ठ्याहत्तर, म्हणाल्या, "मी बोललोय की. सुनंला सांगितलंय, आज एकाशन हाय, एकदाच जेवणार. आन ती देवळात आल्यावर डब्यातलं दोन लाडू हाणलं."

मागनं सून म्हणाली, "तरीच! म्या म्हणलं, डब्याला उंदीर लागलाय का काय."

त्यानंतर पाऊण तास जे चाललं त्याला प्रवचन म्हणत नाहीत. कुणी मालकाला काय सांगितलं, कुणी डॉक्टरला काय सांगितलं. लोक हसत होते, दोन बायका रडल्या, आणि दहा वाजून गेले तरी कोणी उठेना. ‘ग्रंथाधार’, ‘विषयाची मांडणी’, ‘सभेतील शांतता’, ‘वहीनुसार क्रम’ असे रकाने मी कशाच्या आधारावर भरायचे? तिथं शून्य आणि एक आहेत ते त्यामुळे.

आठव्या दिवशी कहर झाला. त्याग धर्म. ही माझ्या शॉपमधला पंपाच्या झाकणाचा पॅटर्न आणि घमेलंभर ओली वाळू घेऊन मंदिराच्या सभागृहात आली. खाली प्लास्टिकचा कागद अंथरला होता, हे नोंदवतो. पॅटर्न वाळूत दाबला, चारी बाजूंनी ठोकला, अलगद वर काढला. म्हणाली, "बघा. आकार राहिला, लाकूड भायेर आलं. ह्ये लाकूड आतच बसून राहिलं असतं तर लोखंड ओतायचं कुठं? सोडणं म्हंजे टाकून देणं न्हवं. दुसऱ्याला जागा करून देणं."

मंदिर समितीचे अध्यक्ष गुंडू चौगुले उभे राहिले. "अगं ए पोरी, ओली वाळू देवळात? मातीत बी जीव असतोय, पाण्यात बी असतोय, एवढं तरी शिकिवलंय न्हवं तुला?"

"वाळू भाजून घेतलीया काका, पद्माकाकूंच्या कढईत. पाणी बी प्रासुक हाय, उकळून गार केल्यालं."

गुंडू अण्णा बसले. त्यांना बसावंच लागलं.

तर हे सगळं, माझी पत्नी पद्मावती हिच्या कढईसकट, मार्गदर्शकाला न विचारता. म्हणून रकाना सतरा, ‘मार्गदर्शकाची अनुमती व आदर’, शून्य. खुलासा संपला.

बाहुबली मगदूम


रविवार, २१ सप्टेंबर

वृषभ,

‘आपण आपण’ लिहून हात अवघडतो. तू म्हणून लिहितो. राग येणार असेल तर सहा वर्षांच्या रागात मिळव.

काल मुलीचे वडील आले होते, नेसरीहून. अमरसिंह हेरवाडे. मी शॉपमधून नुकताच आलो होतो, अंगावर भुसा. मला वाटलं भांडायला आले असणार. मी तक्त्याची प्रत काढून ठेवली, चष्मा लावला, म्हटलं, "या पावणं, बसा. एक एक रकाना दाखवतो."

ते म्हणाले, "रकाना कशाला अण्णा, उपकार झालं तुमचं."

"कसले?"

"नापास केलासा त्ये. मी तिला बोललो हुतो. पास झालीस तर पुढची दोन वर्सं शीक, काय शिकायचं त्ये पंडितीण व्हायला, मी आडवा येत न्हाई. नापास झालीस तर गप घरला यायचं. शबूद दिल्ता, मोडता येत नव्हता. निपाणीचं पावणं दोनदा बघून गेल्यात. तुम्ही सोडिवलासा बघा. दिवाळी झाली की उरकून टाकतो."

मी विचारलं, "ती काय म्हणते?"

"काय म्हंती? म्हंती, अण्णांचा तक्ता बरोबर हाय. मीच त्यात बसत न्हाई."

घनसाळ तांदळाची पिशवी ठेवून गेले. पद्मावतीनं ती आत नेली नाही. मी दोनदा सांगितलं तरी नेली नाही. शेवटी मीच नेली, आणि कुठं ठेवायची ते कळेना म्हणून परत दाराशी आणून ठेवली.

वृषभ, मी तुला स्पष्ट विचारतो. दोन गुण. कुठल्याही शाळेत दोन गुण वरून देतात, त्याला काहीतरी नावही असतं. अकरा वर्षांत माझ्याकडे अकरा विद्यार्थी आले. दहांनी माझी वही वाचली. त्या दहांतल्या एकाचंही नाव मला न बघता सांगता येणार नाही. त्यांतल्या एकाला तर मी ब्याण्णव दिले होते. ही पोर येऊन गेल्यावर मंदिराच्या ओट्यावर बायका अजून "आज कितींदा खोटं?" असं एकमेकींना विचारतात आणि हसतात. तक्त्यात ह्याला रकाना नाही. म्हणून मी काय करू? रकाना नसलेल्या जागी गुण कसे लिहू? पण तू प्राचार्य आहेस. तू लिहू शकतोस.

तुमची निकालाची यादी दहा ऑक्टोबरला लागते असं कळलं. त्याआधी करावं.

बाहुबली


गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

वृषभ,

तुझं उत्तर मिळालं. साडेचार ओळी. मी मोजल्या.

‘तक्त्यात वाढीव गुणांची तरतूद नाही. तक्ता तुझा आहे. फेरबदलाची एकच वाट आहे, नियम नऊ. तोही तुझाच आहे. बाकी, जो माणूस मला कंपासपेटी उसनी देताना तारीख घालून सही घेत होता, त्याच्या शॉपमधून पॅटर्न त्याला न विचारता बाहेर कसा गेला?’

हे शेवटचं लिहायची काय गरज होती? कंपासपेटी तू हरवली होतीस. सही घेतली होती म्हणून तर मिळाली.

नियम नऊ मला वाचून दाखवू नकोस. अक्षर न् अक्षर पाठ आहे. ‘मार्गदर्शकाने रागाने अथवा लोभाने गुण दिल्याचे स्वतः लेखी मान्य केल्यास तो तक्ता रद्द समजावा, विद्यार्थ्याचे मूल्यमापन प्राचार्यांनी स्वतः करावे, आणि त्या मार्गदर्शकाने ते निवेदन आपल्या सभेत वाचून पद सोडावे.’ हा नियम घालताना माझ्या डोळ्यांपुढं कोण होतं सांगू? तुझे एम.ए. झालेले मार्गदर्शक. मला वाटायचं, असलं काही करायचं झालं तर तेच करतील.

आणि तुला आता मजा वाटत असणार. वाटू दे. सहा वर्षांपूर्वी त्या बैठकीत तू म्हणालास, तक्ता काढून टाकू, मार्गदर्शकाला एक कोरा कागद देऊ, एक विद्यार्थ्याला देऊ, दहा दिवसांत काय घडलं ते दोघांनी लिहावं. मी सगळ्या विश्वस्तांसमोर उभा राहून म्हटलं, कोरा कागद आळशी माणसाला आवडतो. ते हसले, टाळ्या पडल्या, तक्ता राहिला. तू त्या दिवशी आमच्याकडे जेवायला येणार होतास. पद्मावतीनं पुरण शिजवलं होतं. तू स्टँडवरून परस्पर गेलास, आणि त्यानंतर नुसती परिपत्रकं. एका वाक्यासाठी सहा वर्षं! वाक्य चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. तुझं सामान शाळेतही पसरलेलंच असायचं. पण ते चौघांत बोलायचं नव्हतं, एवढं म्हणतो.

ते जाऊ दे. मी गेले आठ दिवस रोज तक्त्याची प्रत घेऊन बसतो. चोवीस रकाने तीनदा तपासले. कुठं एखादा गुण चुकून कमी पडलाय का, बेरीज चुकलीय का. नाही. एका ठिकाणी, रकाना बावीस, ‘शुभ्र वस्त्र’, उलट एक जास्त दिलाय. पाचव्या दिवशी तिच्या ओढणीला पिवळी कड होती. माझ्या हातून चूक सापडत नाही रे, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ती शोधतोय.

पद्मावती भांडी लावत होती. म्हणाली, "पंचवीस रकानं हाईत न्हवं? चोवीसच का तपासतासा?"

म्हटलं, "तुला काय कळतंय त्यातलं."

"व्हय, मला काय कळतंय," म्हणाली, आणि डाव जरा जोरातच ठेवला.

सतराव्या रकान्याबद्दल मला काही लिहायचं नाही. तुला दुसरी वाट काढता येत नसेल तर प्राचार्य कशाला झालास?

बाहुबली


रविवार, ५ ऑक्टोबर

वृषभ,

सोबत नियम नऊप्रमाणे निवेदन आहे. कालच लिहिलं होतं. आज सकाळी पूजा झाल्यावर सभेत वाचलं. तुला दोन प्रती धाडतो, एक कार्यालयाला, एक तुझ्या हातात. मजकूर असा:

‘मी, बाहुबली सातगोंडा मगदूम, असे लिहून देतो की कुमारी रुचिता हेरवाडे हिच्या तक्त्यात रकाना सतरा येथे मी दिलेले शून्य खोटे आहे. बुधवार दि. ३ सप्टेंबर रोजी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी ती माझ्या पत्नीसह शिरोलीतील माझ्या शॉपमध्ये आली. तिने विचारले, "अण्णा, उद्या त्यागाला तुमचा पॅटर्न आन वाळू दाखवू का? वही बाजूला ठेवायला लागंल." मी म्हटले, "ने. पण कोपरा आपटू नको." पॅटर्न बाहेर गेल्याची नोंद गेटच्या रजिस्टरला माझ्याच अक्षरात आहे. माझी अनुमती होती. तिच्याकडून माझा अनादर कधीही झाला नाही. शून्य मी रागाने दिले.’

निवेदन एवढंच. नियमात ‘राग कशाचा’ हे लिहायला सांगितलेलं नाही. तुला मात्र लिहितो.

त्या बुधवारी ती दोन तास शॉपमध्ये होती. तिनं विचारलं, पॅटर्न झाकणापेक्षा मोठा का? मी सांगितलं, लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून आमची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा एक मीटर खऱ्या मीटरपेक्षा दहा मिलिमीटर लांब. तिनं विचारलं, बाजू तिरप्या का? म्हटलं, सरळ ठेवल्या तर वर काढताना वाळूच्या भिंती ढासळतात. ती पट्टी हातात घेऊन बघत राहिली. माझ्या दोन्ही मुलांनी ती पट्टी कधी हातात धरली नाही. एक पुण्यात आहे, एक बेंगळुरूत. दोघंही विचारणाऱ्याला ‘वडिलांचा इंजिनिअरिंगचा व्यवसाय’ म्हणून सांगतात. मीसुद्धा मंदिरात कधी लाकडाचं नाव काढलं नाही. बावीस वर्षं तिथं शास्त्र वाचतोय. सुतारकाम करणारा बाहुबली शिरोलीत ठेवायचा आणि धोतर नेसून दुसराच कुणीतरी चौरंगापुढं बसायचा. त्या दुपारी मला हे काही सुचलं नाही. मला फार बरं वाटत होतं. पद्मावतीनं चहा आणून दिला, आणि मी ‘ने’ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी प्रवचन संपल्यावर लोक माझ्याभोवती जमले. धोंडुबाईंनी माझा हात धरला. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बाहुबली, बावीस वर्सं तुजं ऐकत आलोय रं लेकरा. देवाशप्पथ, एक अक्षर कळलं नव्हतं. आज ह्या पोरीनं तुजा ठोकळा दावला आन समदं कळलं."

लोक हसले. गुंडू अण्णा म्हणाले, "मग इतकी वर्सं ठोकळा का आणला न्हाईसा अण्णा?" परत हसले. कुणाच्या मनात काही नव्हतं. त्या म्हातारीनं तर मायेनं म्हटलं होतं. मीही हसलो. घरी येऊन, हातपाय न धुता, तक्ता काढला आणि सतराव्या रकान्यात शून्य घातलं. दोन दिवसांची प्रवचनं अजून व्हायची होती, तरी. बाकीचे रकाने नंतर भरले. ते खरे आहेत.

तिथं चार असते तर बेचाळीस होत होते. चार हवे होते. मला हे त्याच दिवसापासून माहीत आहे. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही माहीत होतं. फाईलसाठी म्हणून इतकं सविस्तर लिहिलं ना, ते हे झाकायलाच.

आज वाचताना मध्येच गुंडू अण्णा म्हणाले, "अण्णा, ऱ्हाऊ द्या की, बसा. एका पोरीच्या मार्कासाठी कशाला भर सभेत?" मी म्हटलं, नियम आहे. शेवटपर्यंत वाचलं. सगळे आपापल्या चटईकडे बघत होते. वाचलेला कागद मी घडी करून खिशात ठेवला, तर धोंडुबाई म्हणाल्या, "त्ये समदं ऱ्हाऊ दे. पोरगी पास झाली का न्हाई, त्ये सांग."

"ते आता माझ्या हातात नाही, आज्जी."

"मग कुनाच्या?"

"वृषभच्या. आलाश्यांच्या."

"त्यो तुज्याबरबर यायचा त्यो? किडकिडीत? त्याला सांग, धोंडुबाईनं इचारलंय म्हणावं."

सांगितलं.

यादी शुक्रवारी लागेल. तक्ता रद्द झाला की तुला तिला बोलवावं लागेल, म्हणजे बुधवार किंवा गुरुवार. अमरसिंहांना मी आज फोन केला. म्हटलं, नापास मी केली होती आणि ते खोटं होतं, तेव्हा शब्दातून तुम्ही सुटलेला नाही. ते म्हणाले, "अण्णा, तुम्ही लई वंगाळ केलासा." ते कुठल्या केल्याबद्दल म्हणाले ते मी विचारलं नाही. मुलीला पाठवतो म्हणालेत. येईल ती. तिला कसं तपासायचं ते तुझं तू ठरव, मी मध्ये पडणार नाही. फक्त एक. तिनं सभेत मीटरमागे बारा मिलिमीटर सांगितलं. ते दहा. तेवढ्याचा काय कापायचा तो गुण काप.

पुढच्या वर्षी इथं मार्गदर्शक कोण, ते तू बघ. विद्यार्थ्याच्या जेवणाची सोय आमच्याकडेच राहील, पद्मावतीनं सांगितलंय. वही मी कुणाला देणार नाही.

निवेदनाच्या छापील कागदावर सहीच्या जागी खाली ‘मार्गदर्शक’ असं आहे. ते मी एक रेघ मारून खोडलं आणि वर नुसतं नाव लिहिलं. खाडाखोड असलेला कागद ग्राह्य धरू नये, हेही नियमांत मीच घालून ठेवलंय, क्रमांक चौदा. एवढा एक नियम मोड.

बाहुबली